एसीएल: मांडीतली शीर की कारखान्यातला दोर?

एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारा पट्टा (लिगामेंट), तुटलेलं दिसलं की पुढचा प्रश्न ग्राफ्टचा, म्हणजे त्याच्या जागी काय बसवायचं याचा. कबड्डीत उजवा गुडघा गेला तेव्हा मलाही दोन वाटा दिसत होत्या. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची शीर (टेंडन) काढून चौपदरी करून बसवायची, नाहीतर पॉलिएस्टरच्या धाग्यांचं तयार लिगामेंट.

खरं सांगतो, आधी मन दोरावरच गेलं होतं. मांडी शाबूत राहते आणि ग्राफ्ट पहिल्या दिवसापासून पक्का. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या सिडनी स्वान्स संघाचा निक माल्सेस्की २००८ मध्ये ‘लार्स’ नावाचं असंच कृत्रिम लिगामेंट बसवून तीनेक महिन्यांत मैदानात परतला, हे वाचून तर मी हुरळूनच गेलो.

मग एक मित्र भेटला. त्याच्या गुडघ्यात कृत्रिम लिगामेंट होतं, कुठल्या कंपनीचं ते राहू दे. सहाव्या आठवड्यात स्कूटर चालवणारा हा गडी तिसऱ्या वर्षी सिंहगड उतरून आला की गुडघा पावासारखा फुगायचा. दर दोन-तीन महिन्यांनी पाणी काढायचं. सिरिंजमधलं ते पिवळट, गढूळ पाणी मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं आहे. एका मित्रावरून शास्त्र ठरत नाही, मान्य. पण धागे हाडाच्या कडेला घासून झिजतात आणि त्यांच्या कणांनी गुडघ्याच्या आतलं अस्तर सुजतं, ही तक्रार जुनीच आहे. गोरटेक्स नावाच्या जुन्या कृत्रिम लिगामेंटला अमेरिकेत १९८६ मध्ये परवानगी मिळाली आणि १९९३ मध्ये ते बाजारातून गेलं. आताचे धागे त्याहून बरे असतीलही. त्या सिरिंजनंतर मला मात्र ते पटवून घेता येईना.

शीर फुकट मिळत नाही. नवा ग्राफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यात कच्चा असतो, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला वाटतं की आपण बरे झालो. मला मैदानावर उतरायला दहा महिने लागले. पालथं झोपून टाच ढुंगणाला लावायला गेलो की आजही मांडीत गोळा येतो. नडगीचा तळहाताएवढा भाग बधिर आहे. तिथे डास बसला तर दिसल्यावरच कळतं. गुडघ्याला पाणी मात्र एकदाही धरलं नाही.

एकदम दोन-तीन लिगामेंटं तुटली असतील किंवा आधीच्या ऑपरेशनात शीर वापरून झाली असेल, तर दोराचा विचार मीही केला असता. स्वतःच्या शिरेला आधार म्हणून कृत्रिम टेप जोडायची मधली वाटही आहे, सर्जनला जरूर विचारा. पहिलंच ऑपरेशन असेल आणि हाताशी वर्षभर असेल, तर माझ्यापुरतं म्हणाल, मी पुन्हा मांडीच पुढे करेन.