१५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर: कोकणातल्या घराला पुरतो, पण अर्थिंग आधी बघा

इलेक्ट्रिक गाडी घेताना घरच्या चार्जिंगचे दोन पर्याय असतात: १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा ३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर, नाहीतर भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा बॉक्स. रोज शंभर किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने बॉक्सचे पैसे वाचवावेत.

छोटी गाडी सपाटीवर युनिटला ६ ते ७ किलोमीटर देते. पोर्टेबल चार्जरने तासाला अडीच-तीन युनिट बॅटरीत पडतात, म्हणजे १५ ते २० किलोमीटर. चिपळूणहून गुहागरला जाऊन आलात तरी सहा तासांत भरपाई होते. टियागो ईव्हीची २४ युनिटची बॅटरी १० वरून १०० टक्क्यांवर यायला पावणेनऊ तास घेते; रात्र तेवढी असतेच. संध्याकाळी वाडीच्या टोकाला व्होल्टेज १९० वर आलं की वेग आणखी पडतो, म्हणून टायमर अकरानंतरचा लावा.

बॉक्स हवा तो भाड्याने गाडी चालवणाऱ्याला. बॉक्सला ३२ अँपिअरची लाइन, ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि महावितरणकडून भारवाढ (घराचा मंजूर वीजभार वाढवून घेणं) लागते. गाडीच्या आत बसवलेला चार्जरच ३.३ किलोवॅटचा असेल तर बॉक्स लावून एक मिनिटही वाचत नाही.

आता अर्थिंग. चार्जरवर लाल दिवा लागला की बहुतेक वेळा दोष इथेच असतो. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी ठरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जर अर्थ नाही म्हणून बंद होतो. खड्डा वेगळा घ्या, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. घरात लोड चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा: पाचच्या आत हवं. अगदी शून्य आलं तर सॉकेट उघडून बघायला सांगा. काही वायरमन लाल दिवा घालवायला न्यूट्रल आणि अर्थ आतच जोडून टाकतात. पावसात फांदी पडून न्यूट्रल तुटली की मग गाडीच्या पत्र्यात करंट येतो. हे काम कोणी करू पाहिलं तर थांबवा, कितीही घाई असो.

चार्जरची लाइन मेन बोर्डापासून वेगळी, ४ स्क्वेअर एमएमची, तिच्यावर २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). इन्व्हर्टरवरून ती जाता कामा नये. सॉकेट इंडस्ट्रियल घ्या, पडवीत झड लागणार नाही अशा भिंतीवर. घरातला साधा सॉकेट सलग आठ तास १५ अँपिअर सोसत नाही. खाऱ्या हवेने पितळी पट्टीवर हिरवट थर चढतो, पकड सैल होते, पिनेच्या मुळाशी प्लास्टिक पिवळं आणि मग तपकिरी होतं. चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद करून सॉकेट बदला.

रेंजचं म्हणाल तर रत्नागिरी–कोल्हापूर हा खरा कस. चार माणसं घेऊन आंबा घाट चढायला सपाटीपेक्षा तीन-साडेतीन युनिट जादा जातात, म्हणजे वीस किलोमीटरची रेंज. एका बाजूने २४ युनिटची गाडी जेमतेम पोचते, परतीसाठी घाटावर चार्जिंग करावं लागतं. पण घाटमाथ्यावरच्या आंबा गावात मुक्काम करून तिथेच चार्ज करणार असाल तर ९० टक्क्यांवर थांबवा: भरलेली बॅटरी उतारावरची वीज परत घेत नाही, आणि सगळा घाट ब्रेकवर उतरावा लागतो.