आईच्या साड्या, तीन गोधड्या आणि चौदा हजार टाके

आई गेल्यावर सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीच्या घरातलं तिचं कपाट मी आणि वहिनीनं मिळून आवरलं. चार रेशमी साड्या वहिनीकडे राहिल्या. सुती मात्र कुणालाच नको होत्या. सतरा निघाल्या, बहुतेक रोजच्या नेसायच्या, धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या. दोन साड्यांना तर आईनं स्वतः दंड घातलेला, म्हणजे विरलेला भाग कापून जोड दिलेला. वहिनी म्हणाली, "वन्सं, बोहारणीला देऊया का?" बोहारणीनं त्या गाठोड्यावर एखादं पातेलं आणि दोन डबे दिले असते. मला ते करवलं नाही. गाठोडं बांधून पुण्याला घेऊन आले आणि त्याच्या गोधड्या करून घ्यायच्या असं ठरवलं. कोणाकडून, कशा, किती पैशांत, हे सगळं इथे सविस्तर लिहिते, कारण मला शोधताना कुठेच नीट माहिती मिळाली नव्हती.

पहिला प्रयत्न फसला. जुन्या साड्यांच्या गोधड्या करून देणाऱ्या एका दुकानात मी दोन साड्या दिल्या. नाव लिहीत नाही. ८५० रुपये, आठ दिवसांत तयार, सगळं मशीनवर. हातात आली तेव्हा दिसायला छान होती, पण उचलताच कळलं की दोन साड्यांच्या मध्ये कृत्रिम कापसाचा थर घातलाय. पांघरल्यावर अर्ध्या तासात अंगाला घाम आला आणि हलताना आतून बारीक खरखर आवाज यायला लागला. दोन धुण्यांत तो थर गोळा होऊन एका कोपऱ्यात बसला. चूक माझीही होती. आत काय घालणार हे मी विचारलंच नव्हतं. गोधडी म्हटलं की आत कापडच असणार, असं मी धरून चालले होते. आता कुणालाही काम देताना माझा पहिला प्रश्न तोच असतो: थर कशाचे आणि किती?

मग आमच्या कामवाल्या ताईंनी त्यांच्या ओळखीच्या मावशींचं नाव सुचवलं. सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतात, घरीच शिवतात, कामाचा हंगाम असला की शेजारच्या दोघी मदतीला येतात. पाटी नाही, दुकान नाही. मी गेले तेव्हा मावशी ओसरीवर जमिनीला बसून शिवत होत्या. गोधडी अर्धी मांडीवर, अर्धी पसरलेली. मी म्हटलं, "आमच्याकडे याला वाकळ म्हणतात." त्या हसल्या, म्हणाल्या, "म्हणजे सांगली-कोल्हापूरकडच्या तुम्ही." आणि तिथंच माझं अर्धं काम झालं.

त्यांनी गाठोडं सोडून प्रत्येक साडी हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, काही ठिकाणी दोन्ही हातांनी हलकीशी ताणली. ताणल्यावर जी विरते ती बाहेरून लावायची नाही, आतल्या थरात घालायची. जिचा पोत अजून धरून आहे ती वरच्या किंवा खालच्या अंगाला. दोन साड्या निवडून त्यांनी बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, "ह्यात सूत कमी आहे, सुई सटकते, ह्या नको." मला त्या सुतीच वाटत होत्या. त्यांनी काठाचा एक धागा काढून जाळून दाखवला: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, मिसळीचा धागा वितळून त्याची कडक गुठळी बनते. त्यांनी बाजूला काढलेल्या एका साडीचा धागा वितळला, दुसरीचा जळून राख झाला. म्हणून दुसरी परत गाठोड्यात गेली आणि पहिलीची मी नंतर घरी बाजाराची पिशवी शिवली.

आता हिशेब सांगते, कारण साड्या किती द्यायच्या हेच कुणी नीट सांगत नाही. पाचवारी साडीची लांबी साधारण २१६ इंच, पन्हा म्हणजे रुंदी ४५ ते ४८ इंच. सिंगल गोधडी ६० बाय ९० इंचांची. साडीचे ६० इंचांचे दोन तुकडे कापून पन्हे शेजारी-शेजारी येतील असे जोडले की एक थर होतो. म्हणजे एका साडीतून असे तीन तुकडे, अर्थात दीड थर. आतल्या तीन थरांना दोन साड्या पुरतात. वर आणि खाली मात्र एकेक वेगळी साडी, म्हणजे पाच थरांच्या सिंगल गोधडीला चार साड्या. डबलचा आकार ९० बाय ९०, तिथे एका थराला एक पूर्ण साडी लागते, म्हणून पाच थरांना पाच. मावशींनी हे सगळं तोंडी, वितीनं मोजून सांगितलं. घरी येऊन मी टेपने तपासलं तर इंचाचाही फरक नव्हता. नऊवारी असेल तर आणखी चांगलं, पण आईच्या नऊवारी नव्हत्या; नऊवारी नेसणाऱ्या आजीच्या साड्यांच्या वाकळी माझ्या लहानपणीच होऊन गेल्या.

थर चार की पाच, हा प्रश्न मावशी हमखास विचारतात. पुण्यात चार पुरतात, पण मी पाच घेतले, कारण माझी मुलगी नागपूरला असते आणि तिकडच्या डिसेंबरातल्या थंडीला पाचच बरे. थर जास्त घेतले की सुई जड जाते आणि मजुरी वाढते. ऊब येते ती थराथरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. धावदोऱ्याच्या ओळी त्या थरांना जागेवर धरून ठेवतात. ओळी फार लांब लांब घातल्या की थर आत सरकतात, फार जवळ घातल्या की गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. मावशी एक बोट अंतर ठेवतात.

ते एक बोट मी मोजलं. पाऊण इंच. आणि एक टाका व त्याच्यापुढची मोकळी जागा मिळून अर्धा इंच. ६० बाय ९० च्या गोधडीत त्या हिशेबाने साधारण १४,४०० टाके होतात, आणि प्रत्येक टाका पाच थरांतून आरपार. माझ्या पहिल्या गोधडीला त्यांना नऊ दिवस लागले, रोजचे साधारण साडेतीन तास. म्हणजे तीस तासांवर काम. मजुरी १४०० रुपये, दोरा त्यांचा. तासाला सत्तेचाळीस रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. माझ्यासमोर एक बाई तिथे आल्या होत्या, "हजारला करून द्या ना" म्हणत होत्या. मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, मग टाके लांब घालावे लागतील." मला हे फार मनाला लागलं. ज्या कामाला इतके दिवस बसावं लागतं त्याला आपण घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डबलचे त्यांनी २२०० घेतले, बाळाच्या दुपट्याचे ३००. दोन सिंगल, एक डबल, एक दुपटं मिळून ५३०० रुपये मी दिले आणि एक रुपयाही जास्त वाटला नाही.

काम कसं झालं? वरच्या अंगाला मी आईची निळी, पांढऱ्या ठिपक्यांची साडी दिली होती. तिचा काठ त्यांनी चारी बाजूंनी फिरवून किनार केली. कोपऱ्यात काठ तिरपा जुळवलाय तो इतका नेमका की दोन्ही बाजूंची वेल एकमेकीला मिळते. कुठेही गाठ वर दिसत नाही, गाठी थरांच्या आत ओढून घेतल्यात. दोरा आधी मेणावरून ओढून घेतात, त्यामुळे तो पिळत नाही आणि कापडावर घासून तुटतही नाही. आईनं दंड घातलेला भाग मी मुद्दाम वरच ठेवायला सांगितला होता. त्यांनी तो बरोबर मधोमध घेतला आणि तिच्या टाक्यांवरून आपला दोरा नेला नाही. त्या जागी ओळ थोडी वळवून घेतली. हे मी सांगितलंही नव्हतं.

दोष आहेत, तेही सांगते. डबल गोधडी तिघींनी मिळून शिवली, हे उलट बाजूनं लगेच दिसतं. एका भागातले टाके तांदळाएवढे, दुसऱ्या भागातले जवळजवळ दुप्पट. वापरायला फरक पडत नाही, पण एकाच हाताचं काम हवं असेल तर आधीच तसं सांगा, आणि मग जास्त दिवस थांबायची तयारी ठेवा. दुसरं म्हणजे वेळ. तीन आठवडे म्हणाल्या होत्या, पाच लागले, कारण मध्ये गौरी-गणपती आले आणि त्यांच्या घरी गौरी असतात. मला घाई नव्हती. तिसरा दोष खरं तर माझाच. एका सिंगलला मी खालच्या अंगासाठी नवी, एकदाही न धुतलेली सुती साडी दिली, जुनी पुरणार नाही या भीतीने. पहिल्या धुण्यात ती आटली आणि गोधडीला एका बाजूने चुण्या पडल्या. मावशींनी विचारलं होतं, "धुतलेली आहे ना?" आणि मी घाईत हो म्हटलं. सगळी कापडं आधी दोन-तीनदा गरम पाण्यातून काढलेलीच हवीत, खळ पूर्ण गेलेली हवी.

रंगाचंही तसंच. आईच्या दोन इरकली होत्या. इरकलीचा पदर अंगापासून वेगळ्या ताण्याने (उभ्या धाग्यांनी) जोडलेला असतो, लाल पदर आणि हिरवं किंवा काळं अंग, त्यामुळे एकाच साडीत दोन स्वभावाचे रंग. मी पांढरा रुमाल ओला करून पदरावर पाच मिनिटं दाबून ठेवला. लाल डाग आला. तो पदर कापून बाजूला काढला आणि अंग आतल्या थरात दिलं. हा रुमालाचा प्रयोग कुठलीही साडी देण्याआधी करावाच.

धुण्याबद्दल सगळ्या जणी विचारतात. माझी सिंगल गोधडी वजनकाट्यावर पावणेदोन किलो भरली, आमच्या साडेसहा किलोच्या मशीनमध्ये ती एकटी आरामात फिरते. डबल मात्र मी मशीनला देत नाही. न्हाणीघरात मोठ्या टबात सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजत घालते, सकाळी पायांनी तुडवते, आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवते. एकाच दोरीवर टाकली तर पाण्याच्या वजनाने मधली ओळ ताणली जाते. भिलवडीला घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळी कृष्णेच्या घाटावर जायच्या. सगळं गाव त्या दिवसांत घाटावर असायचं. एका वाकळेला दोन बायका, दोन टोकांना धरून उलट्या दिशांना पिळायच्या. आम्हा पोरांना काठावरच्या तापलेल्या दगडांवर त्या पसरायचं काम. संध्याकाळी घरी आणल्या की त्यांना उन्हाचा वास यायचा आणि त्या रात्री कुणी कुणाच्या वाकळेत झोपायचं यावरून भांडणं व्हायची. आईच्या वाकळेत तिच्या शेजारची जागा मी पकडायचे.

उरलेल्या तुकड्यांचं मी काय केलं ते थोडक्यात. मावशी प्रत्येक चिंधी परत देतात, हेही त्यांचं मला आवडलेलं. सिंगलच्या वरच्या साड्यांतून ९६-९६ इंच उरतात, त्याचे पोळ्यांच्या डब्यात घालायचे रुमाल केले. जुन्या सुती कापडात पोळी ओलसर होत नाही. काठांचे पट्टे पिशव्यांच्या बंदांना लावले. अगदी लहान चिंध्या तीन पदरी वेणी घालून, ती गोल फिरवत हातशिलाईने जोडली आणि न्हाणीघराबाहेरचं पायपुसणं झालं. दर पावसाळ्यात विकत आणलेलं पायपुसणं कुबट व्हायचं, हे एका दिवसात वाळतं.

दुपटं नातीसाठी होतं. ते आईच्या सगळ्यात विरलेल्या, फिकट गुलाबी साडीचं केलं, तीनच थरांचं, आणि मावशींनी टाके मुद्दाम बारीक घालून गाठी पूर्ण आत घेतल्या, बाळाच्या अंगाला टोचू नयेत म्हणून. नव्या कापडाचं दुपटं कितीही महाग असलं तरी इतकं मऊ होत नाही. मुलीनं नागपूरहून फोटो पाठवला, बाळ त्यात गुंडाळलेलं, फक्त नाक आणि कपाळ दिसत होतं. ती साडी आई चुलीपुढे नेसायची, हे मी मुलीला त्या दिवशी फोनवर सांगितलं.

मावशींकडे काम द्यायचं तर पावसाळा सुरू व्हायच्या आत द्या. श्रावणानंतर त्यांच्याकडे रांग लागते, आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर त्या नवीन घेतच नाहीत. पावती देत नाहीत, वहीत नाव, थर आणि साड्यांची संख्या लिहून ठेवतात. आपणही देताना साड्यांचा फोटो काढून ठेवावा. निम्मे पैसे आधी द्यावे लागतात. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा गुण फक्त डबलच्या त्या मोठ्या टाक्यांसाठी कापते.

माझ्याकडे अजून एक साडी शिल्लक आहे, हिरवी इरकल. अंग चांगलं आहे, पदर मात्र रंग सोडतो. भाऊ मागतोय, त्याला सिंगल हवीय. आतल्या आणि खालच्या थरांसाठी वहिनीच्या जुन्या तीन साड्या येत्या मे महिन्यात तो घेऊन येणार आहे. पदराचं काय करायचं ते मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, मिठाच्या पाण्यातून दोनदा काढून आणा, मग बघू.