दोन बाबागाड्या, चौदा महिने आणि एकोणीस पायऱ्या

लेक दोन महिन्यांची होती तेव्हा पहिली बाबागाडी घरात आली, आणि ती आठ महिन्यांची असताना दुसरी. आता ती सोळा महिन्यांची आहे. दोन्ही गाड्या मी मनापासून वापरल्या, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कंपन्यांची नावं देत नाही, कारण मॉडेलं सतत बदलतात आणि माझं म्हणणं कुठल्याच एका कंपनीबद्दल नाही.

आधी आमचं घर सांगते, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. पुण्यात कर्वेनगरमधली जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर. एकोणीस पायऱ्या आणि मध्ये एक अरुंद वळण. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते. माझं काम घरूनच असतं, पण सकाळी नऊला मीटिंग सुरू होतात, त्यामुळे बाळाला सकाळचं फिरवून आणायचं काम आईंचं. कार छोटी, सीएनजीवरची, म्हणजे डिकीची निम्मी जागा सिलिंडरने खाल्लेली.

पहिली गाडी नणंदेने दिली. तिच्या मुलीसाठी बंगळुरूला घेतलेली, अगदी नव्यासारखी. ट्रॅव्हल सिस्टीम म्हणतात तो प्रकार: एकाच सांगाड्यावर आधी तान्ह्या बाळाला आडवं झोपवायची कॅरीकॉट बसते, मग बसायची सीट, आणि कारमधली बेबी सीटही उचलून त्यावरच अडकवता येते. मागची चाकं मोठी, खाली स्प्रिंग. गाडी खरंच देखणी होती. महिनाभराने रद्दीवाला आला तेव्हा त्याच्या काट्याला अडकवून पाहिली. बाळाशिवाय तेरा किलो चारशे ग्रॅम.

हे वजन जिन्यावरून एकट्या बाईने उतरवायचं म्हणजे दोन फेऱ्या. आधी बाळाला वर कोणाजवळ तरी ठेवायचं, गाडी खाली न्यायची, मग परत वर येऊन बाळ घ्यायचं. वर कोणी नसेल तर गाडी निघतच नाही. जिन्याखाली ठेवून पाहिली, पण तिथे मीटरची पेटी आणि दोन सायकली. शिवाय आठवड्यात सीटवर मांजर झोपायला लागलं, आणि बाळाच्या गादीवर मांजराचे केस मला चालणार नव्हते. कारमध्ये न्यायची तर सांगाडा डिकीत सिलिंडरसमोर तिरका करून बसवायचा आणि सीट मागच्या बाकावर. मग मागे बसणार कोण?

आपल्याकडच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या महागड्या प्रकारात तान्ह्या बाळाच्या कॅरीकॉटचेही पैसे मोजावे लागतात. पण सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. मी तर दोन महिने माहेरी होते. त्यानंतर दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशींसाठी दवाखान्यात गेलो, तोही दुसऱ्या मजल्यावर, तिथे दुपट्यात गुंडाळून हातातच नेणं सोपं. पाळणा घरात होताच. ती कॅरीकॉट मी मोजून अकरा वेळा वापरली. तुमच्याकडे लिफ्ट आणि आवारात फिरायला जागा असेल, तर हा हिशेब वेगळा निघेल, हे मान्य आहे.

मात्र तान्ह्या बाळाला बसकी गाडी चालत नाही, यात तडजोड नको. मान नीट धरेपर्यंत पाठ पूर्ण आडवी होणारीच गाडी हवी. अर्धवट टेकलेल्या सीटमध्ये मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. कारच्या बेबी सीटचंही तेच. ती कारमधल्या प्रवासापुरती. उतरल्यावर बाळ झोपलंय म्हणून तासन् तास तिच्यातच ठेवू नये.

आणि मोठ्या चाकांचं कौतुक केल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आहेत, त्यातले काही खचलेले, मध्ये ड्रेनेजची उंच झाकणं. त्यावरून ती गाडी अशी जायची की लेकीची झोप मोडायची नाही. आत्ताच्या गाडीत ते सुख नाही.

दुसरी घ्यायला गेलो तेव्हा आईंना बरोबर नेलं. हा आमचा सर्वात चांगला निर्णय. तोवर त्या म्हणत होत्या, "अगं, गाडी कशाला? आम्ही तीन पोरं कडेवरच वाढवली." पण गुडघे दुखतात, आणि आठ किलोचं बाळ कडेवर घेऊन बागेपर्यंत जाणं आता होत नाही, हे त्यांनाही कळत होतं. दुकानात मी त्यांना प्रत्येक गाडी स्वतः उघडायला, मिटायला आणि उचलायला लावली.

आधी छत्रीसारखी मिटणारी पाहिली, दोन वेगळ्या मुठींची. ही घडी ओवेन मॅक्लारेन नावाच्या ब्रिटिश विमान अभियंत्याने १९६५ मध्ये काढली. स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या जोडणीवर काम केलेला माणूस, त्यामुळे हलकी आणि झटकन मिटणारी नळ्यांची रचना त्याला सुचली. दुकानातली गाडी पाच किलोच्या आतबाहेर होती आणि किंमतही कमी. पण मिटायला वाकून पायाने खटका दाबावा लागतो, आणि दोन मुठी असल्या की ढकलायला दोन्ही हात लागतात. आईंचा एक हात पदराला नाहीतर छत्रीला. ती बाजूला ठेवली.

दुसरी फिरवता येणाऱ्या दांड्याची होती, दांडा उलटा केला की बाळाचं तोंड आपल्याकडे. कल्पना फार आवडली. पण दांडा उलटवला की वळणारी चाकं आपल्या बाजूला येतात आणि न वळणारी पुढे जातात, मग कोपऱ्यावर गाडी उचलूनच वळवावी लागते. तिसऱ्या गाडीचं मिटायचं बटण दांड्यावर होतं, पण इतकं घट्ट की आईंच्या सांधे धरलेल्या अंगठ्याने दाबलंच जाईना.

शेवटी जी घेतली ती तीन घड्यांची, विमानात नेता येईल अशी म्हणून विकतात ती. सीटमध्ये एक पट्टा आहे, तो ओढला की गाडी मिटते. सहा किलो आठशे ग्रॅम, साडेनऊ हजार रुपये, एकच सलग दांडा, पाच बाजूंचे पट्टे, आणि एका पायाने दाबला की दोन्ही मागची चाकं अडवणारा ब्रेक. मिटल्यावर डिकीत सिलिंडरशेजारी उभी राहते आणि वर भाजीची पिशवीही मावते. खांद्याला अडकवायचा पट्टा असल्यामुळे एका खांद्यावर गाडी, दुसऱ्या कडेवर लेक, अशी मी एका फेरीत जिना उतरते. पहिल्या आठवड्यात आम्ही जितक्या वेळा बाहेर पडलो, तितक्या आधीच्या दोन महिन्यांत पडलो नव्हतो.

आता उणिवा. यात बाळाचं तोंड पुढे असतं. पहिले चार-पाच दिवस लेक रडायची, आजी दिसत नाही म्हणून. टपाला वर एक जाळीची खिडकी आहे, तिच्यातून आई सारख्या बोलत राहायच्या, "हा बघ काऊ, ही बघ मनी." आता लेक स्वतःच मान वर करून खिडकीत आजीला शोधते. चाकं लहान आणि टणक, खचलेल्या ब्लॉकवर पुढचं चाक अडकलं की गाडी जागीच थांबते आणि बाळ पुढे झुकतं. म्हणून पट्टे लावल्याशिवाय घराचा उंबरासुद्धा ओलांडायचा नाही. खड्डा दिसला की दांडा खाली दाबून पुढची चाकं उचलायची, नाहीतर गाडी वळवून मागची चाकं आधी काढायची. दांड्याची उंची बदलत नाही, नवऱ्याच्या पावलांना मागच्या चाकांमधला दांडा लागतो. आईंना मात्र ती अगदी मापात बसते, आणि रोज त्याच नेतात.

एक प्रसंग सांगायलाच हवा. खालची जाळी लहान, म्हणून मी भाजीची पिशवी दांड्याला अडकवायचे. दोन किलो कांदे आणि एक कोबी. जिन्याशी येऊन लेकीला उचललं, आणि पुढचं वजन गेल्याबरोबर गाडी मागे कलंडली. कांदे पार गेटपर्यंत गेले. लेक हातात होती म्हणून निभावलं. पट्टे सोडवताना ती जरा मागे रेलली असती, तरी गाडीसकट उलटी झाली असती. गाडीच्या पुस्तिकेत दांड्याला काही अडकवू नका असं लिहिलेलं होतं, मी ते वाचलंही होतं. आता भाजी माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये असते.

बिजागऱ्यांकडेही लक्ष द्या. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख बाबागाड्यांच्या बिजागऱ्यांना झाकणं बसवून घ्यावी लागली होती, कारण उघडताना मुलांची बोटं चिमटून तुटल्याचे प्रकार झाले होते. घेताना दुकानात गाडी दोन-तीनदा उघडमीट करून फटी कुठे राहतात ते पाहा, आणि घरी उघडताना मूल हाताच्या अंतरावर नको.

उन्हाळ्यात मी स्वतः एक चूक केली. ऊन लागू नये म्हणून टपावरून ओढणी टाकली. पंधरा मिनिटांनी आत हात घातला तर मानेखाली घामाची धार. कापड पातळ असलं तरी वारा अडतो आणि आत ऊब कोंडते. आता साडेआठच्या आत आणि साडेपाचनंतरच फिरणं, आणि बसवण्याआधी बक्कल हाताला लावून पाहणं.

पावसाळ्यात प्लॅस्टिकचं आवरण कामाला आलं, पण खरा त्रास नंतरचा. ओली गाडी तशीच मिटून दारामागे ठेवली, तर दोन दिवसांत कुबट वास. उघडून पंख्याखाली वाळवायची, चाकांत गुंतलेले केस आणि चिखल काढायचा, खटक्यांना तेलाचा एकेक थेंब. सीटचं कापड निघतं का, हे घेतानाच विचारा. आमच्या गाडीचं निघतं, आणि नाचणीचं सत्त्व, वरणभात, केळं असं सगळं तिच्यावर सांडून झालेलं असल्यामुळे मला त्याची खरी किंमत कळली आहे. पट्टे मात्र निघत नाहीत. ते कोमट पाण्याने, दातांच्या जुन्या ब्रशने घासावे लागतात.

फिरायला आमची आवडती जागा जंगली महाराज रस्ता. तिथला पदपथ रुंद आहे, लहान चाकंही सुरळीत चालतात. नळ स्टॉपला मेट्रो पकडायची, स्थानकावर लिफ्ट आहे, आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरायचं. गाडी न मिटता सगळा प्रवास होतो. लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेत मात्र गाडी नेऊ नका, तिथे बाळ कांगारू पिशवीत किंवा कडेवरच बरं. कोल्हापूरला रेल्वेने गेलो तेव्हा गाडी बाकाखाली मावली, आणि विमानात तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

नणंदेची गाडी आम्ही धुऊनपुसून आमच्या एका मैत्रिणीला दिली. बावधनला अकराव्या मजल्यावर राहते, दोन लिफ्ट, आवारात गुळगुळीत रस्ता, मोठी डिकी. तिचं बाळ तीन महिन्यांचं आहे आणि रोज संध्याकाळी त्या कॅरीकॉटमध्ये झोपूनच फिरतं. आमची लेक आता गाडीत बसण्याऐवजी ती ढकलत चालते. दांडा तिच्या डोक्याच्या वर असतो, म्हणून ती मागच्या नळीला धरते आणि आई वरून दांडा सांभाळतात.