सित्रोएन डीएस: बाहेरच्या रंगाआधी तेलाचा रंग बघा

५ ऑक्टोबर १९५५ला पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या डीएस गाडीवरचा पडदा उठला आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० जणांनी मागणी नोंदवली. तिचा आकार घडवणारा फ्लामिनियो बेर्तोनी मुळात शिल्पकार होता, हे तिच्याकडे बघताना पटतं. उत्पादन १९७५मध्ये थांबलं, तरी तिच्या चाहत्यांची ओढ कमी झालेली नाही. विकत घेताना मात्र ही ओढच घात करते. चकचकीत रंग आणि नवं कापड बघून लोक भुलतात, आणि या गाडीचा जीव असतो तेलाच्या नळ्यांत आणि पत्र्याच्या सांगाड्यात.

सित्रोएनच्या पॉल माजेसने घडवलेल्या तेल-वायूच्या सस्पेन्शन यंत्रणेत प्रत्येक चाकाला नेहमीच्या स्प्रिंगऐवजी एक लोखंडी गोळा आहे. आत रबरी पडदा, त्याच्या एका अंगाला नायट्रोजन आणि दुसऱ्या अंगाला तेल. एकच पंप हे तेल सुमारे १५० ते १७० बार दाबाखाली ठेवतो आणि त्याच दाबावर सस्पेन्शन, ब्रेक, स्टीअरिंग, अर्धस्वयंचलित गाड्यांत क्लच आणि गिअरसुद्धा चालतात. त्यामुळे दाब गेला की एकेक सोय नाही, सगळंच एकदम ढेपाळतं.

तपासायला सोपी गोष्ट म्हणजे आवाज. इंजिन आयडलवर ठेवा, स्टीअरिंग आणि ब्रेकला हात-पाय लावू नका आणि तेलाचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची ‘टक्’ ऐका. दोन टकांमध्ये अर्धं मिनिट किंवा जास्त वेळ गेला तर ठीक. दर दोन-तीन सेकंदांनी टक् होत असेल तर मुख्य संचायक (दाब साठवून ठेवणाऱ्या) गोळ्यातला वायू संपलेला आहे किंवा तेल कुठेतरी आतल्या आत झिरपतंय. मग मागचा बंपर हाताने दाबा. गाडी मऊ खाली जाऊन हळूच वर यायला हवी. दगडासारखी घट्ट लागली तर चाकांचे गोळे रिकामे झालेत. ‘जुनी गाडी आहे, धक्के बसणारच’ असं विकणारा म्हणाला तर मानू नका. धक्के देणारी डीएस ही आजारी डीएस. सुदैवाने तिचे गोळे दोन भागांचे असतात. ते उघडून पडदा बदलता येतो आणि वायू पुन्हा भरता येतो. गोळा काढण्याआधी गाडीची उंची बदलणारी दांडी सगळ्यात खाली आणा, रेग्युलेटरचा ब्लीड स्क्रू एक फेरा सैल करून दाब उतरू द्या, आणि परत बसवताना ओ-रिंग नवीच घाला.

आता तेल. जुन्या गाड्यांत लाल एलएचएस तेल होतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि नळ्या, व्हॉल्व्ह आतून गंजवतं. १९६६च्या सप्टेंबरपासून हिरवं खनिज एलएचएम आलं, अमेरिकेत १९६९मध्ये. ही दोन्ही कधीही मिसळू नयेत. चुकीच्या तेलाने सगळी रबरी सीलं खराब होतात, आणि ती बदलायची म्हणजे अर्धी गाडी उघडायची. हिरव्या तेलाच्या गाडीत यंत्रणेचे भागही हिरवे रंगवलेले असतात, लाल तेलाच्या गाडीत काळे. टाकीत हिरवं तेल आणि पंप काळा दिसला तर थांबून विचारा. पातळी नेहमी इंजिन चालू ठेवून, गाडी सर्वांत उंच स्थितीत असताना बघायची.

गंज जास्त महागात पडतो. बाहेरचे पत्रे बोल्टवर आहेत, मागचा मडगार्ड तर एकाच बोल्टने निघतो. म्हणून लाजू नका, तो काढूनच बघा. दारांखालचे पेटीसारखे सिल, मागच्या सीटखालचा भाग, मागचं सस्पेन्शन जिथे धरलंय ती जागा आणि डिकीचा तळ स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. फायबरच्या छताची कड गळत असेल तर पाणी खालच्या सांगाड्यात उतरतं. वरून नवा रंग मारलेला कुजका सिल म्हणजे महिनोनमहिन्यांचं वेल्डिंग.

चाक बदलायची पद्धत मात्र बघण्यासारखी: गाडी पूर्ण उंच करायची, बाजूच्या भोकात स्टँड अडकवायचा आणि दांडी खाली ओढायची, की चाक आपोआप जमिनीवरून उचललं जातं. पण भक्कम आधार लावल्याशिवाय कधीही गाडीखाली शिरू नका. दाब उतरला की ती जमिनीपर्यंत बसते.

बहुतेक डीएसमध्ये ब्रेकला नेहमीचं पॅडल नाही, मशरूमसारखं रबरी बटण आहे. ते दाबलेल्या अंतरावर नाही, पायाच्या जोरावर चालतं. पहिल्यांदा चालवणारा हमखास जोरात दाबतो आणि सगळे पुढे झुकतात. दोन दिवसांत पाय सरावतो, मग दुसरे ब्रेक बोथट वाटतात. पुढच्या डिस्क मात्र चाकात नाहीत, गिअरबॉक्सशेजारी आहेत, त्यामुळे पॅड बदलताना हात शिरायला जागा मिळत नाही.

पहिलीच डीएस घेणाऱ्याने १९७०नंतरची साध्या गिअरची डीस्पेसियाल किंवा डीसुपर ही डीएसचीच साधी मॉडेलं बघावीत. सस्पेन्शन तेच, अडकण्यासारखं कमी. स्टीअरिंगबरोबर वळणारे आतल्या बाजूचे हेडलाइट हवे असतील तर १९६७च्या सप्टेंबरनंतरची वरच्या दर्जाची डीएस घ्यावी लागेल. इंधन इंजेक्शनची डीएस २१ जोरदार आहे, पण तिची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा समजणारा माणूस आधी शोधा आणि मगच गाडी.