छोट्या ब्रुअरीतली ऑटोमॅटिक सीआयपी: सोलापूरचं पाणी आणि ऊन सोसल्यानंतर

सीआयपी म्हणजे क्लीन-इन-प्लेस: टाकी न उघडता, आतल्या आत द्रावण फिरवून धुणं. सिस्टीम अशी: एकाच फ्रेमवर कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) आणि ॲसिडच्या २००-२०० लिटरच्या टाक्या, तिसरी रिकव्हरी टाकी (वापरलेलं पाणी साठवायला), १२ किलोवॅटचा हीटर, सप्लाय आणि रिटर्न पंप, कंडक्टिव्हिटी प्रोब (द्रावण वीज किती वाहून नेतं त्यावरून त्याची तीव्रता सांगणारा), पीएलसी पॅनेल (सगळा क्रम आपोआप चालवणारा कंट्रोलर). काम १००० लिटरचे चार फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायच्या टाक्या, धुण्याचं. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही तिच्यावर निघाले.

सगळ्यात जास्त पैसे वसूल केले ते रिकव्हरी टाकीने. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात शेवटच्या रिन्सचं, म्हणजे खळबळून काढण्याचं, पाणी गटारात सोडणं परवडत नाही. तेच पुढच्या टाकीच्या पहिल्या रिन्सला जातं. पहिली रिन्सही सलग देऊ नये. मिनिटाला ११० लिटरने पाच मिनिटं म्हणजे ५५० लिटर. तीस सेकंद मारा, पूर्ण निचरा, असं तीनदा केलं की १६५ लिटरमध्ये यीस्टचा गाळ जास्त चांगला निघतो. हा क्रम पॅनेलमध्ये एकदा भरला की कोणाच्या लक्षात ठेवण्यावर काही अवलंबून राहत नाही.

बोअरचं पाणी मात्र थेट कॉस्टिकमध्ये घालू नका. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन हीटरच्या कॉइलवर, स्प्रे बॉलच्या (टाकीत वरून फवारा मारणाऱ्या गोळ्याच्या) भोकांत आणि प्रोबवर पांढरं बसतं. प्रोबवर थर आला की रीडिंग कमी दिसतं आणि डोसिंग पंप उगाच कॉस्टिक ओतत राहतो. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर हवाच, आणि त्याच्या पुढे हार्डनेसचं (जडपणा मोजायचं) किट घेऊन रोजची तपासणीही हवी. आठवड्याला नायट्रिक-फॉस्फोरिक ॲसिडचा १ ते २ टक्क्यांचा फेरा दिला की प्रोब साफ होतो आणि बिअरस्टोन, म्हणजे टाकीत बसणारा बिअरचा कडक थर, निघतो.

आता मुख्य मुद्दा, जो विकणारे सहसा सांगत नाहीत. बिअर काढल्यावर टाकीत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) भरलेला असतो. १००० लिटर जागेत तो सुमारे पावणेदोन किलो भरतो आणि तीन किलोंहून जास्त कॉस्टिक खाऊन टाकतो. २ टक्क्यांच्या २०० लिटर द्रावणात कॉस्टिक असतं एकूण चार किलो! वर वायू झपाट्याने शोषला गेल्याने आत व्हॅक्यूम होतो. व्हेंट बंद आणि व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चिकटलेला असेल तर टाकी आत दबते. गरम धुण्यावर लगेच गार पाणी मारलं तरी हाच धोका. म्हणून कॉस्टिकआधी खालचा व्हॉल्व्ह आणि वरचा व्हेंट उघडून हवेने वायू बाहेर काढायचा, आणि तेवढा वेळ खोलीचा एक्झॉस्ट चालू ठेवायचा, कारण सीओटू जमिनीलगत साचतो.

यातली खरी मेख अशी की कॉस्टिक आणि सीओटू मिळून झालेला सोडियम कार्बोनेटही वीज वाहून नेतो. पॅनेलवर आकडा बरा दिसतो, धुण्याची ताकद मात्र गेलेली असते. स्क्रीनवर भरवसा न ठेवता टायट्रेशन करा, म्हणजे रंग बदलेपर्यंत ॲसिड थेंबाथेंबाने घालून मोजा: १० मिली नमुना, फिनॉल्फ्थॅलीन (रंगदर्शक), १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड. रंग गेला तो पहिला आकडा. मग मिथाइल ऑरेंज (दुसरा रंगदर्शक) घालून रंग बदलेपर्यंत पुढे जितके मिली लागले तो दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा करून ०.४ ने गुणलं की खऱ्या कॉस्टिकचे टक्के. ५ आणि १ आले तर १.६ टक्के. १.५ च्या खाली गेलं की द्रावण बदलायचं.

प्रवाहाचा हिशोब खरेदीआधीच करा. टाकीच्या परिघाच्या दर मीटरला मिनिटाला साधारण ३० लिटर लागतात, १.२ मीटर व्यासाला ११० ते ११५. दाब स्प्रे बॉलपाशी दीड ते दोन बार हवा, पंपापाशी नव्हे. ७५ अंशांच्या कॉस्टिकवर पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज आला तर आधी सक्शनची जाळी काढून बघा. बहुधा हॉप्सच्या चोथ्याने ती तुंबलेली असते. ड्राय हॉपचं तोंड (आंबवताना हॉप्स घालायची जागा) आणि सॅम्पल व्हॉल्व्ह स्प्रेच्या आडोशाला राहतात, ते हातानेच. शंका असेल तर रायबोफ्लेविनचं (यूव्हीत चमकणाऱ्या बी२ जीवनसत्त्वाचं) पाणी फवारून रिन्स द्या आणि यूव्ही टॉर्चने बघा. जिथे पिवळट-हिरवं चमकेल तिथे पाणी पोचलेलं नाही.

सॅनिटायझरसाठी पेरॲसिटिक ॲसिड १५० पीपीएमच्या आसपास. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा कॅन ठेवला तर ते भराभर विघटतं आणि कॅन फुगतो. गार सावलीत, व्हेंटवाल्या झाकणासह ठेवा, आणि प्रत्येक वेळी टेस्ट स्ट्रिप लावा. गास्केट ईपीडीएमचेच (एक प्रकारचं रबर); सिलिकॉनचे गरम कॉस्टिकपुढे टिकत नाहीत. क्लोरीनची ब्लीच कधीच नको, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला खड्डे पडतात.

सर्व्हिसमध्ये त्रास झाला तो वेळा आणि तापमान बदलायचा पासवर्ड विक्रेत्याकडेच राहिल्याचा. शेवटचा हप्ता देण्याआधी पासवर्ड, वायरिंगचा नकाशा आणि एक जादा प्रोब हातात घ्या. फर्मेंटर दोनच असतील तर इकडून तिकडे नेता येणारा पंप आणि हाताने फिरवायचे व्हॉल्व्ह पुरतात. चार किंवा जास्त असतील तर ही सिस्टीम घ्यावी, पण सॉफ्टनर आणि टायट्रेशनच्या सामानाचा खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये धरून.