सहसंस्थापक आपल्याला कंपनीतून बाहेर काढू पाहतो तेव्हा: वाटाघाट की न्यायाधिकरण?

संचालकपद आणि शेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 169 नुसार भागधारक साध्या बहुमताने संचालकाला दूर करू शकतात, मात्र त्यासाठी विशेष सूचना द्यावी लागते व त्याचे म्हणणे ऐकावे लागते; त्या ठरावाने त्याचे शेअर आपोआप जात नाहीत. भागधारकांच्या करारात परतखरेदीचे किंवा व्हेस्टिंगचे (ठरावीक काळ काम केल्यावर टप्प्याटप्प्याने शेअरवर पक्का हक्क मिळण्याचे) कलम असेल, तर ते आधी बारकाईने वाचावे.

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे कलम 241 खाली दडपशाहीविरुद्ध, म्हणजे भागधारकावर अन्याय करणाऱ्या कारभाराविरुद्ध, दाद मागण्यासाठी सर्वसाधारणपणे एक दशांश भागभांडवल हाती असणे पुरेसे ठरते, आणि कलम 242 खाली न्यायाधिकरण शेअर विकत घेण्याचा आदेशही देऊ शकते. तथापि केवळ पदावरून दूर केले एवढ्यावर दडपशाही सिद्ध होत नाही, हे टाटा सन्स आणि सायरस मिस्त्री प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. शिवाय वाद लांबला, तर नवा गुंतवणूकदार पैसे घालायला कचरतो आणि ज्या शेअरसाठी भांडायचे त्यांचेच मोल घसरते.

म्हणून माझ्या मते आधी वाटाघाट करावी. मात्र स्वतंत्र मूल्यांकन झाल्याशिवाय आणि कंपनीच्या कर्जासाठी दिलेल्या वैयक्तिक हमीतून लेखी मुक्तता मिळाल्याशिवाय राजीनाम्यावर सही करू नये. समोरचा हिशेब दाखवत नसेल किंवा केवळ आपला हिस्सा घटवण्यासाठी नवे शेअर काढत असेल, तर मात्र विलंब न करता न्यायाधिकरणाकडे अर्ज दाखल करावा आणि अंतरिम स्थगिती मागावी.