युरोपच्या एकीकरणावर लघुप्रबंध लिहायचाय : मोने, शुमान, स्पिनेली की देलॉर?

राज्यशास्त्राच्या एम.ए.ला युरोपीय एकीकरण हा विषय घेतला, की लघुप्रबंधासाठी नेमकं कोणाला निवडायचं यावर गाडी अडते. नावं भरपूर आहेत. आडेनॉअर, दे गास्पेरी, स्पाक, सिमोन व्हेल, यातलं कोणतंही चुकीचं नाही. पण तीन-चार महिन्यांत हाती काही लागायचं असेल तर निवड चौघांतच करावी असं मला वाटतं. त्यातही खरी चुरस मोने आणि स्पिनेली यांच्यात आहे.

ज्याँ मोने हे कोन्याक गावच्या ब्रँडी व्यापाऱ्याचे चिरंजीव. सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि घरचा माल विकत थेट कॅनडापर्यंत फिरले. जन्मात एकही निवडणूक लढवली नाही. दोन्ही महायुद्धांत मित्रराष्ट्रांच्या पुरवठ्याची घडी बसवण्याचं काम मात्र त्यांनी केलं. जहाजं, धान्य, शस्त्रं यांचा हिशेब एका टेबलावर मांडला, की भांडणाऱ्या सरकारांनाही एकत्र बसावं लागतं, हे तिथे त्यांनी जवळून पाहिलं. १९५० साली हाच अनुभव त्यांनी कोळसा आणि पोलादाला लावला. फ्रान्स आणि जर्मनीचे हे दोन्ही उद्योग एका सामाईक मंडळाच्या हाती गेले, तर एकाला दुसऱ्याच्या नकळत तोफा ओतताच येणार नाहीत. १९५२ मध्ये लक्झेंबर्गला ते मंडळ सुरू झालं आणि मोने त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या आठवणी इंग्रजीत मिळतात, दुय्यम साहित्य तर ढीगभर. अडचणही तीच आहे. त्यांच्याबद्दल इतकं लिहून झालंय की नवा प्रश्न शोधतानाच अर्धं सत्र संपतं.

रॉबेर शुमान यांच्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोळसा-पोलाद एकत्र आणण्याच्या ९ मे १९५० च्या घोषणेला त्यांचं नाव असूनही पुष्कळजण त्यांना मोने यांचा निरोप्या समजतात. जन्म लक्झेंबर्गचा, नागरिकत्व जर्मन, वकिली तेव्हा जर्मनीत असलेल्या मेत्झ शहरात. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख फ्रान्सकडे आला आणि ते फ्रेंच झाले. १९४० मध्ये नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने पकडलं, १९४२ मध्ये ते निसटले. सीमा ओलांडायला ते कुठे गेले नाहीत, सीमाच त्यांच्या अंगावरून गेली. १९५० च्या एप्रिलअखेर फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमान शनिवार-रविवारसाठी मेत्झकडे निघाले होते. पॅरिसच्या स्टेशनवर गाडी सुटण्यापूर्वी मोने यांचा मसुदा त्यांच्या हाती पडला. सोमवारी परतल्यावर त्यांनी सांगितलं, मी हा वाचलाय, आता हा माझ्या अंगावर घेतो. ९ मेच्या सकाळी बॉनला पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनॉअर यांच्याकडे गुप्तपणे पत्र गेलं. तिकडचा होकार आल्यावर शुमान यांनी स्वतःच्या मंत्रिमंडळापुढे विषय मांडला आणि संध्याकाळी पत्रकारांना बोलावून घोषणा केली. म्हणजे ही अंधारातली उडीच की, असं एकाने विचारल्यावर शुमान म्हणाले, होय, अंधारातली उडी. जर्मन सैन्य हटून सहा वर्षंही झाली नव्हती. मोने यांना मतदारांना तोंड द्यायचं नव्हतं, शुमान यांना द्यायचं होतं. लघुप्रबंधासाठी मात्र ते अवघड आहेत. त्यांनी फार थोडं लिहिलं. शिवाय त्यांना संतपद मिळावं म्हणून कॅथलिक चर्चमध्ये प्रक्रिया सुरू असल्याने त्यांच्यावरच्या बऱ्याच लिखाणाचा सूर भक्तीचा आहे. त्यातून चिकित्सेला वाट काढणं सोपं नाही.

आल्तिएरो स्पिनेली यांची गोष्ट अगदी उलट टोकाची. मुसोलिनीच्या राजवटीत, विशीही गाठली नव्हती तेव्हा, कम्युनिस्ट म्हणून पकडले गेले. १९२७ ते १९४३ अशी सोळा वर्षं तुरुंगात आणि स्थानबद्धतेत गेली. तिथेच त्यांनी स्टालिनवादाशी फारकत घेतली. वेंतोतेने नावाच्या चिमुकल्या बेटावर १९४१ मध्ये एर्नेस्तो रॉसी यांच्यासोबत त्यांनी जाहीरनामा लिहिला. जवळपास सगळा युरोप हिटलरच्या टाचेखाली असताना ही माणसं युद्धानंतरच्या युरोपीय संघराज्याचा आराखडा मांडत होती. सहकारी कैदी एउजेनिओ कोलोर्नी यांच्या पत्नी उर्सुला हिर्शमान यांना बेटाबाहेर जायची मुभा होती. त्यांनी तो मजकूर मुख्य भूमीवर पोचवला.

मोने म्हणत, एकेक उद्योग जोडत चला. स्पिनेलींचं म्हणणं, आधी लोकांनी संविधान करावं, नाहीतर सरकारं आपली सत्ता कधीच सोडणार नाहीत. या दोघांना एकाच पानावर पाहायचं असेल तर ३० ऑगस्ट १९५४ ही तारीख घ्या. युरोपच्या सामाईक सैन्याचा करार त्या दिवशी फ्रेंच संसदेने बाजूला सारला. मूळ कल्पनेमागे मोने होते, आणि त्याच सैन्याच्या पाठोपाठ राजकीय संघ येईल अशी आशा स्पिनेली धरून होते. दोघांचंही एकाच दिवशी फिसकटलं. स्पिनेली तरी थांबले नाहीत. १९७९ मध्ये ते थेट निवडून आलेल्या पहिल्या युरोपीय संसदेत गेले. स्ट्रासबुर्गच्या ‘क्रोकोडाइल’ रेस्टॉरंटात जेवणाच्या टेबलावर त्यांनी मोजक्या खासदारांची मोट बांधली. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचा संघ-कराराचा मसुदा २३७ विरुद्ध ३१ मतांनी संमत झाला. सरकारांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, त्याऐवजी ‘एकल युरोपीय कायदा’ नावाचा, मर्यादित सुधारणांचा करार केला. स्पिनेलींच्या लेखी तो डोंगर पोखरून काढलेला उंदीर होता.

त्या ‘उंदरातून’ एकसंध बाजारपेठ उभी करून दाखवली ती जाक देलॉर यांनी. १९८५ ते १९९५ ते युरोपीय आयोगाचे, म्हणजे युरोपच्या कार्यकारी मंडळाचे, अध्यक्ष होते. युरोची पायाभरणी त्यांच्याच काळातली, विद्यार्थ्यांसाठीची इरास्मस योजनाही. पुण्या-मुंबईची मुलं आज इरास्मस मुंडुस शिष्यवृत्तीवर जातात, तिचं मूळ तिथलं. अर्थशास्त्राची बैठक पक्की असेल तर बेलाशक देलॉर घ्या. नसेल तर आयोगाच्या आर्थिक अहवालांच्या रानात शिरू नका.

माझा कौल स्पिनेलींना. मोने जिंकले म्हणून त्यांची पद्धत बरोबर होती असं आपण गृहीत धरतो, आणि आजच्या युरोपीय संघावरचा ‘लोकांना विचारलं कुठे?’ हा आक्षेप मग परका वाटू लागतो. स्पिनेली तो प्रश्न १९४१ पासून विचारत होते. त्यांची कागदपत्रं फ्लोरेन्सच्या युरोपीय संघाच्या अभिलेखागारात आहेत. जाहीरनामा इंग्रजीत उपलब्ध आहे आणि एका बैठकीत वाचून होतो. गाईडना नाव कळवण्याआधी तो आणि शुमान यांची ९ मेची छोटीशी घोषणा एकाच दिवशी वाचा, पेन्सिल हातात घेऊन. ज्याच्या समासात जास्त खुणा पडतील, ते नाव कळवा.